मदत हवी आहे : धूपछावमध्ये धूप आहे, छाव गायब!

घरच्या 16 इंची टेबल लूमवर धूपछाव (हलवली की रंग बदलणारी, दुरंगी) ओढणी विणायचा प्रयत्न चाललाय. ताणा (उभे धागे) जांभळा, बाणा (आडवे धागे) हिरवा, वीण साधी.

पहिला नमुना 2/40 च्या (40 नंबरी, दोन पदरी) साध्या सुताचा. लांबून सरळ मातकट दिसला, पोतेरंच. सुताला लव असते, त्यामुळे उजेड विखुरतो, एवढं कळलं. मग मर्सराइज्ड (चमकेसाठी प्रक्रिया केलेलं) सूत घेतलं. चमक आली, पण बाणा सरकवून बसवताना ठोका जोरात बसला: इंचाला ताण्याचे 36 आणि बाण्याचे 50 धागे. हिरव्याने जांभळा गिळूनच टाकला. तिसऱ्यांदा हलक्या हाताने 36-36 जमवले. आता खिडकीत धरून चुणी पाडली की चुणीच्या कडेला जांभळा झळकतो, सपाट ठेवला की विझतो. आईच्या पैठणीचा पदर मात्र नुसता हलवला तरी रंग बदलतो!

जरीची तार किंवा पॉलिस्टर नकोय, तयार कापडही नको. फणी (ताण्याचे धागे जिच्यातून ओवतात ती) इंचाला 18 घरांची, एका घरात दोन धागे. रंगांची जोडी बदलायला तयार आहे.

रेशीम घ्यायचंच आहे, पण बारीक रेशमाचा ताणा माझ्याकडून तुटेल अशी भीती वाटते. म्हणून ताणा मर्सराइज्डच ठेवून फक्त बाणा रेशमाचा केला तर झळाळी येईल, की दोन्ही रेशीमच लागेल? आणि दोन्ही घेतलं तर किती डेनियरचं (म्हणजे किती जाड), इंचाला किती धागे, खळ लावायची का? पुण्यात रंगवलेलं रेशीम पाव-अर्धा किलो सुटं कुठे मिळेल?