मदत हवी आहे: आईला घेऊन इंदूरचा राजवाडा आणि सराफा

डिसेंबरमध्ये आईला घेऊन इंदूरला जातेय. दुपारी होळकरांचा सातमजली राजवाडा, जवळच्याच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची समाधी-स्मारकं) आणि जमलं तर काचमंदिर, असा बेत आहे. खरी अडचण रात्रीची. सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की मगच खाऊगल्ली रंगात येते, आणि गुडघ्यांमुळे आईला गर्दीत फार वेळ उभं राहवत नाही. साधारण किती वाजता गेलं तर भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचं पॅटिस आणि गराडू (तळलेला मसालेदार कंद; तो थंडीतच मिळतो, म्हणून तर डिसेंबर!) जरा निवांत खाता येईल? बसायला जागा असते का? रिक्षा कुठपर्यंत सोडते? मुक्काम राजवाड्याजवळ बरा की स्टेशनकडे? छप्पन दुकान सुचवू नका, ते सकाळच्या पोह्या-जिलबीसाठी ठेवलंय.