रोबॉटचा 'छळ' म्हणावं की 'तोडफोड'?

प्रश्न :
रस्त्यावर, मॉलमध्ये ठेवलेल्या रोबॉटशी लोक वाईट का वागतात, यावर लेख लिहितेय. 'छळ' हा शब्द वापरला तर संपादक म्हणतात, यंत्राचा कसला छळ, 'तोडफोड' लिहा. मला ते पटत नाही. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद :
संपादकांच्या बाजूनं. छळाला सोसणारा लागतो. कॅनडाचा हिचबॉट नावाचा रोबॉट घ्या. २०१४ मध्ये लोकांकडे लिफ्ट मागत तो हॅलिफॅक्सहून व्हिक्टोरियापर्यंत सुखरूप पोचला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात त्याचे हात उखडलेले सापडले, डोकं तर मिळालंच नाही. ही सरळ तोडफोड आहे.

प्रतिसाद :
हिचबॉटपुरतं मान्य. पण जपानमध्ये ओसाकाच्या मॉलमधल्या मुलांनी तोडलं काय? तिथं संशोधकांनी रोबॉट मोकळा फिरू दिला होता. मुलं त्याची वाट अडवायची. तो वाट सोडण्याची विनंती करायचा, तरी हटायची नाहीत. मग शिव्या, लाथाबुक्क्या. एकाला पाहून दुसऱ्याला चेव चढायचा. नंतर अशा २३ मुलांशी बोलल्यावर जवळपास निम्म्यांनी सांगितलं की त्याला त्रास होत असेल असं वाटत होतं. तरीही हात थांबला नव्हता. सोसणारा खरोखर सोसतो की नाही हा वेगळा प्रश्न, करणाऱ्याच्या मनात तो सोसतच होता. टेबलाची कुणी खोडी काढत नाही. खोडी काढायची ती समोरचा चिडेल, कळवळेल म्हणून, आणि ती हाताबाहेर गेली की मराठीत तिला छळच म्हणतात. मुलं घोळक्यात असली आणि आसपास मोठं माणूस नसलं की हे वाढतं, म्हणून त्या रोबॉटला उंच व्यक्तींच्या दिशेनं सटकायला शिकवलं. आपली मुलंही गल्लीतल्या कुत्र्याशी असंच वागताना दिसतात, म्हणून मला हा शब्द मवाळ करायचा नाहीये. 'छेड काढणे' मात्र नको. वर्तमानपत्रांनी तो बायकांच्या छेडछाडीला बांधून टाकलाय.

प्रतिसाद :
तिसरा प्रकार राहिला. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्राण्यांच्या एका संस्थेनं आवाराबाहेर गस्तीचा रोबॉट फिरवला. फुटपाथवरच्या बेघरांना हुसकायलाच तो आणलाय, असा लोकांचा समज झाला. कुणी त्याच्यावर ताडपत्री टाकली, सेन्सरना बार्बेक्यू सॉस फासला. त्याच शहरात फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीनं चालकाविना धावणारी वेमोची टॅक्सी पेटवली. आधी २०१८ च्या सुमारास ॲरिझोनात चँडलरला याच कंपनीच्या गाड्यांवर दगड फेकले, टायर फाडले. गाडी कळवळेल असं तिथं कुणालाच वाटत नव्हतं. मालक हाती लागत नाही, यंत्र रस्त्यावर सापडतं : वड्याचं तेल वांग्यावर. तिथं 'राग काढला' लिहा. नुसतं 'तोडफोड' लिहिलंत तर कारणच गळून पडेल.

प्रश्नकर्ती :
म्हणजे प्रसंगाप्रमाणे तिन्ही. पण मथळ्यात एकच बसेल.

प्रतिसाद :
'त्रास देणे' ठेवा. माणूस, जनावर, शेजारी, सगळ्यांना चालतं. आणि 'यंत्रमानव' टाळा. तो गस्तीचा रोबॉट चाकांवरचा शंकू होता, हातपायसुद्धा नव्हते त्याला.