तुर्की भाषांतला डोळा: 'ग्योझ' हा 'पाहणे'वरून आलाय का?

लिपिकार: तुर्कीत डोळा म्हणजे ग्योझ, पाहणे म्हणजे ग्योरमेक. मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यातल्या 732 च्या क्युल तेगिन शिलालेखात तुर्कांचा राजा बिल्गे खान भावाच्या मृत्यूवर म्हणतो, 'पाहणारे माझे डोळे न पाहणाऱ्यांसारखे झाले'. क्योर (पाहणे) आणि क्योझ (डोळा) ही जुनी रूपं तिथे शेजारीशेजारी आहेत. माझं मत: क्योर या धातूला झ प्रत्यय लागून क्योझ झाला. बोघ- (गळा आवळणे) वरून बोघाझ (गळा) झालाच की.

चुवाशप्रेमी: तोच दाखला तुम्हाला नडतो. त्याचं जुनं रूप बोघुझ, म्हणजे प्रत्यय स्वरासकट 'उझ'. त्या चालीने 'क्योर्युझ' व्हायला हवं होतं. मधला स्वर गेला कुठे? शिवाय रशियातली, तुर्की कुळातलीच चुवाश भाषा पाहा. या कुळातल्या इतर भाषांच्या झच्या जागी तिथे र येतो: किझ (मुलगी) तिथे हेर, बोघाझ तिथे पिर. डोळा मात्र कुश! गुडघा तर चेरकुश्शी. त्यातल्या चेरने (तुर्की दिझ) नियम पाळलाय, लगेच पुढच्या कुशने मोडलाय.

पांथस्थ: कुश हा तातारांच्या (त्यांचीही भाषा तुर्की कुळातली) क्यूझवरून उसना घेतला असेल. प्रश्न मिटला.

चुवाशप्रेमी: नाही मिटत. तातार ताझा (स्वच्छ) चुवाशमध्ये तासा झाला, झचा स. इथे श कसा? स्वरही जुळत नाही. हां, 'डोळ्याचा शब्द कोणी बदलत नाही' हे कारण मी देणार नाही. सायबेरियातल्या याकूत आणि तुवा याही तुर्की कुळातल्याच भाषा; डोळा याकूतमध्ये हाराख, तुवामध्ये काराक. जुन्या तुर्कीतल्या बुबुळाच्या शब्दाने तिथे डोळ्याची जागा घेतलीय.

लिपिकार: मग कुश माझ्याच बाजूचा. र आणि झ एकमेकांना भिडले, म्हणून निकाल वेगळा लागला.

चुवाशप्रेमी: एका शब्दापुरता एक नियम? असं जोडाक्षर असलेला दुसरा शब्द दाखवा, मग बोलू.

द्विवचनी: धातू सोडा, झ ही जोडीची खूण आहे. ग्योझ, दिझ, ओमुझ (खांदा), बोयनुझ (शिंग), इकिझ (जुळे).

पांथस्थ: आणि आघिझ (तोंड)? दोन तोंडं फक्त पुढाऱ्यांना असतात. बोघाझही एकच.

लिपिकार: जोडीचं मलाही पटत नाही. पण सेमिझ (लठ्ठ) आणि सेमिर- (लठ्ठ होणे) पाहा, तीच झ-रची अदलाबदल.

चुवाशप्रेमी: लठ्ठला चुवाशमध्ये समर म्हणतात, सरळ र. मग कुशमध्येच श का, ते सांगा.