वकिलाच्या ऑफिसची झडती: बाकीच्या अशिलांच्या फायली कशा सांभाळायच्या?

रामबाग ज्युनिअर:
नमस्कार मंडळी. इंदूरला सीनिअरांकडे फौजदारी आणि जमिनीची, दोन्ही कामं आहेत. सगळ्यांच्या फायली एकाच कपाटात, एकाच कॉम्प्युटरवर. एका अशिलाच्या प्रकरणात पोलीस वॉरंट घेऊन आले तर वकील-अशील गुप्ततेचं कलम 132 दाखवून झडती थांबते का?

जुना पलासिया:
थांबत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 132 अशिलानं सांगितलेलं आणि वकिलानं दिलेला सल्ला झाकतं. तेही बेकायदा कामासाठी घेतलेला सल्ला सोडून. वकिलाकडच्या दस्तऐवजांना हे कवच नाही, असं सुप्रीम कोर्टानं 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालात स्पष्ट केलंय. दस्तऐवज मागितला तर तो कोर्टापुढे सादर करायचा.

म्हणून दार अडवू नका. वॉरंट शेवटपर्यंत वाचा: कुणाचं प्रकरण, कोणते कागद, कुठली जागा. नेमकी तीच फाईल स्वतः काढून द्या, म्हणजे सगळं कपाट उपसायला निमित्त उरत नाही. त्यात सल्ल्याच्या नोंदी असतील तर न वाचता वेगळ्या पाकिटात सील करायला सांगा, सीलवर तुमची सही. नकार मिळाला तर तो नकारच पंचनाम्यात लिहून घ्या.

गीताभवन:
कॉम्प्युटरचं मी सांगते. त्याच निकालाप्रमाणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली (कागद किंवा वस्तू हजर करायला सांगणारं कलम) पोलिसांनी उपकरण मागितलं तर ते फक्त कोर्टात द्यायचं. कोर्ट अशिलाला नोटीस देऊन हरकत ऐकतं. ती फेटाळली तरी उपकरण अशील आणि वकिलासमोरच उघडायचं, त्यांच्या पसंतीचा जाणकार सोबत घेऊन, इतर अशिलांची गुप्तता राखून. हे निर्देश 94 च्या मागणीबद्दल आहेत, वॉरंटच्या झडतीबद्दल शब्दशः नाहीत. तेव्हा झडतीच्या वेळी लेखी हरकतीत त्यांचा आधार घ्या आणि सीलबंद उपकरण कोर्टापुढेच उघडावं अशी मागणी करा.

‘एक लॅपटॉप जप्त’ एवढ्यावर सही करू नका. मेक, सीरिअल नंबर, हार्ड डिस्कचा नंबर आणि कॉपी काढली तर हॅश व्हॅल्यू (डेटा जरा बदलला तरी बदलणारा त्याचा ओळख-आकडा) पंचनाम्यात हवीच. नाहीतर मागाहून कुणी फायली उघडल्या हे सिद्ध करणं फार अवघड. त्याच संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडतीचं चित्रीकरण होणारच. टेबलावर उघडी फाईल पडली असेल तर तिसऱ्याच अशिलाची कैफियत त्यात टिपली जाते, हे तिथल्या तिथे अधिकाऱ्याच्या लक्षात आणून द्या.

रामबाग ज्युनिअर:
ताई, दादा, आभार. कोर्टातला अर्ज कुणाच्या नावानं?

जुना पलासिया:
अशिलाच्याही. गुप्तता त्याच्यासाठी आहे, संमती देणार तोच. त्याला त्याच दिवशी कळवा. संहितेच्या कलम 103 प्रमाणे जप्तीच्या यादीची प्रत मिळते, ती अर्जाला जोडा. आणि अशिलागणिक वेगळं फोल्डर, वेगळी फाईल हे काम आजच हाती घ्या.