१९७२च्या दुष्काळावर लघुप्रबंध करतोय, कॉलेजच्या ग्रंथालयात काहीच सापडत नाही

माणकाठ:
एम.ए. इतिहास, दुसरं वर्ष. विषय घेतलाय १९७२चा दुष्काळ आणि सांगोला तालुका. माझी आजी तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावर वाटायची ती सुकडी, मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी, हे सगळं तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून हा विषय. सर म्हणाले, आजीचं सांगणं घे, पण जोडीला छापील पुरावा पाहिजे.

दोन दिवस ग्रंथालयात बसलो. कॉम्प्युटरवर 'दुष्काळ' टाकलं तर दोन कादंबऱ्या आणि एक कवितासंग्रह आला. 'फॅमिन' टाकलं तर बंगालवरचं एक पुस्तक. इतिहासाच्या कपाटात शिवकाळ, पेशवाई, स्वातंत्र्यलढा, बस्स. नेटवर जे मिळतं ते एकमेकांचं उतरवलेलं. ग्रंथपालांना विचारायचा धीर होत नाही, काउंटरवर कायम गर्दी. विषय बदलू का?

खोडरबर:
आधी शोधगंगा ही प्रबंधांची वेबसाइट बघ. यूजीसीच्या २००९च्या नियमानंतर विद्यापीठं पीएचडीचे प्रबंध तिथे टाकायला लागली. रोजगार हमीवरचा एखादा प्रबंध काढ आणि सगळ्यात आधी त्याची संदर्भसूची उतरवून घे. प्रकरणं वेगवेगळ्या फाइलमध्ये असतात, सूचीची फाइल बहुतेक शेवटी असते. प्रबंधातलं वाक्य मात्र उचलू नकोस. त्याने जे मूळ पुस्तक वापरलंय ते स्वतः उघडून बघ. माझ्या एम.फिल.ला एक आकडा असाच दुसऱ्याच्या प्रबंधातून घेतला होता, मूळ अहवालात तो वेगळाच निघाला. तोंडी परीक्षेत नेमका तोच विचारला.

वर्गांक:
विषय अजिबात बदलू नकोस. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, आता निवृत्त आहे. तुझ्यासारखी कितीतरी मुलं याच जागी अडकलेली पाहिलीत.

तुझा शोधायचा शब्द चुकतोय. आपण 'दुष्काळ' म्हणतो, सरकार म्हणत नव्हतं. १९६३ साली महाराष्ट्राने चक्क कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढला आणि तिथे 'स्कॅर्सिटी' घातला. तुझी आजी खडी फोडत होती तेव्हा सरकारी कागदावर होती ती टंचाई. म्हणून 'स्कॅर्सिटी', 'ड्रॉट', 'रिलीफ वर्क्स' टाकून बघ. मराठीत 'टंचाई', 'अवर्षण', 'रोजगार हमी'. हमीचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून, पण त्यावरच्या पुस्तकांची सुरुवात बहुधा १९७२पासूनच होते. नावात दुष्काळ नसतो म्हणून कॉम्प्युटर ती दाखवत नाही.

दुसरं, इतिहासाचं कपाट सोड. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार आकडे देतात, त्या ड्यूईच्या वर्गीकरणात तुझा विषय विखुरलेला आहे. ३३८.१ला शेतीचं अर्थकारण, ३६३.८ला अन्नपुरवठा, ३३१ला मजूर. त्या आकड्यांसमोर उभा राहून एकेक पुस्तक काढ आणि अनुक्रमणिका चाळ. तासाभराचं काम आहे, पण माझा अनुभव असा की निम्मी पुस्तकं अशीच हाती लागतात.

मग संदर्भ विभाग. सोलापूर जिल्ह्याची गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तकं, दोन आहेत, १८८४चं आणि १९७७चं. जुन्यात १८७६-७८चा दुष्काळ वाच, म्हणजे तुलनेला आधार मिळेल. १९७१च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका माग, तिच्यात गाववार माहिती असते. तुझ्या आजीचं गावही असणार. बांधीव अंकांत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा फेब्रुवारी १९७३ बघ, शेतीचे अभ्यासक वुल्फ लादेजिन्स्की यांचा महाराष्ट्रातल्या अवर्षणावरचा लेख त्यात आहे. कॉलेजात अंक नसला तर जेस्टोर या नियतकालिकांच्या वेबसाइटवर मोफत खातं काढ, दर महिन्याला ठरावीक लेख वाचता येतात. व्ही. सुब्रमण्यम यांचं 'पार्च्ड अर्थ' (१९७५) तर हवंच, १९७० ते ७३च्या अवर्षणावरच आहे. कॉलेजात नसलं तर पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जा. जाताना प्राचार्यांचं पत्र घे.

आणि ग्रंथपालांना विचार रे. देवघेवीची वेळ टाळ, दुपारी तीननंतर जा. कागदावर चार ओळी लिहून ने: विषय, काळ, तालुका, आतापर्यंत काय पाहिलं. 'दुष्काळावर काही आहे का' असं विचारलंस तर तेही कॉम्प्युटरवर तोच शब्द टाकणार. जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढलेली नसतात, त्यासाठी दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक हाताने लिहून ठेवतात ती वही, बघू द्या म्हण. असा कागद घेऊन आलेल्या मुलासाठी मी स्वतः माळ्यावर चढलोय.

टिपण घेताना पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष आणि पान तिथल्या तिथे लिही. पानाचा फोटो काढलास तर आधी शीर्षकपानाचा काढ.

माणकाठ:
सर, काल तीनला गेलो. ग्रंथपाल मॅडमनी कागद वाचला आणि शिपाई काकांना मागच्या खोलीची किल्ली आणायला सांगितलं. गॅझेटियर तिथे होतं, १९७७चं. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर एकच शिक्का, १९९४चा. जनगणनेची पुस्तिका दाखल नोंदवहीत सापडली, कॉम्प्युटरवर नव्हतीच.

पुस्तिकेत आमच्या गावाची ओळ आहे. पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात फक्त 'डब्ल्यू', म्हणजे विहीर. रात्री आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कुठली रं? देवळामागली का? ती तर दिवाळीलाच आटली हुती. म्होरं समदं टँकरचं." मग कामावर हजेरी कशी लागायची, पगार किती दिवस थकायचा, अर्धा तास बोलत होती. याआधी हे कधीच सांगितलं नव्हतं.

हे तिचं बोलणं संदर्भात कसं लिहू?

वर्गांक:
मुलाखत म्हणून. नाव, वय, गाव, तारीख, आणि तिची परवानगी घेतल्याची नोंद. मोबाइलवर रेकॉर्ड कर, आणि उतरवताना तिची बोली बदलू नकोस, 'हुती' असेल तर 'हुती'च ठेव. पुस्तिकेतली ती ओळ आणि आजीचं वाक्य प्रबंधात एकाच पानावर येऊ दे, पुस्तिकेच्या पृष्ठांकासह. पुढच्या वेळी जाशील तेव्हा १९८१ची पुस्तिकाही काढून ठेवायला सांग, त्या रकान्यात दहा वर्षांनी काय आलं ते बघ.