एलपीच्या एका बाजूला २७ मिनिटं भजन, शेवटी टाळांचा गजर: कटिंगला (मूळ तबकडीवर खाच कापायला) काय पाठवावं?

होटगी_रोड: भजनी मंडळाचं हुतात्मा स्मृती मंदिरातलं रेकॉर्डिंग १२ इंची एलपीवर काढायचंय, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर. अ बाजू २७ मिनिटं, ब बाजू १९. अ च्या शेवटी सहा मिनिटांचा गजर, आठ जोड टाळ आणि पखवाज. सीडीसाठी केलेली मास्टर फाइल तयार आहे. तीच पाठवली तर चालेल का?

खाचखळगे: फाइलचं नंतर बघू, आधी क्रम बदला.
२७ मिनिटं म्हणजे ९०० फेरे. वापरायला मिळते साधारण ८५ मिमी पट्टी, म्हणजे फेऱ्यामागे ९४ मायक्रॉन. २० मिनिटांना हेच १२७ पडतात. खाच स्वतः ५०-६० मायक्रॉन रुंद, उरलेल्या जागेत तिला झुलायचं असतं. जागा नाही म्हटल्यावर कटिंगवाला लेव्हल उतरवतो आणि खरखर ऐकू यायला लागते.
त्याहून वाईट म्हणजे गजर लेबलाजवळ येतोय. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी सरकते, आत जेमतेम २१. म्हणजे १० किलोहर्ट्झची लाट आत फक्त २१ मायक्रॉन लांब. १८ मायक्रॉन त्रिज्येची गोल सुई त्या वळणात शिरतच नाही. त्यात आरआयएए वक्रामुळे (कापताना बेस कमी, तीव्र स्वर जास्त ठेवायचं ठरलेलं प्रमाण) कटिंगला १० किलोहर्ट्झ जवळजवळ १४ डीबी उचललेला असतो. टाळांची 'छिण्ण' जाऊन नुसतं 'च्छ' उरतं. गजर बाजूच्या सुरुवातीला घ्या, शेवटी संथ भैरवी. भैरवीनं सांगता करायची रीत खाचेलाही मानवते!

कटर_हेड: पखवाजाची धुमही तपासा. दोन माइक लांब लांब लावले असतील तर डाव्याउजव्या चॅनेलचा बेस उलट फेजमध्ये येऊ शकतो, म्हणजे एकीकडे लाट वर असताना दुसरीकडे खाली. तसा बेस खाचेला बाजूला नाही, वरखाली हलवतो. खाच उथळ झाली की सुई उडते. साधारण १५० हर्ट्झखाली मोनो करतात, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र करतात, पण आधी मोनोचं बटण दाबून ऐका. धुम गायब झाली तर फेज मिक्समध्येच सुधारा. नुसतं मोनो केलं तर दोन्ही चॅनेल एकमेकांना खाऊन टाकतील.
सीडीची फाइल नकोच. लिमिटरनं (आवाजाची टोकं दाबणारं साधन) ठोकून रेकॉर्डचा आवाज मोठा होत नाही, लेव्हल लेथवर, म्हणजे खाच कापायच्या यंत्रावर ठरते. लिमिटर काढून २४ बिट वेव्ह (.wav) फाइल द्या, रेकॉर्डिंगचाच सॅम्पल रेट, पीक -३ डीबी. बाजूमागे एकच फाइल, मधल्या शांततेसकट, सोबत वेळांचा कागद.

होटगी_रोड: गजर शेवटीच हवा, मंडळी ऐकणार नाहीत.

खाचखळगे: मग तो ब च्या शेवटी न्या आणि तिथला आठेक मिनिटांचा एक अभंग गाळा. अ २१, ब १७. १७ मिनिटांचे ५६७ फेरे, ११० मायक्रॉननं धरले तर ६२ मिमीत संपतात. गजर संपताना वेग २९ सेंमी राहतो. टाळांवर डी-एसर (तीव्र 'स'सारखे आवाज दाबणारं साधन) हलकाच, जास्त दाबला तर गाणाऱ्याचे 'स' आणि 'श' बोबडे होतात.

कटर_हेड: टेस्ट प्रेसिंग (तपासायला आधी काढलेली नमुना रेकॉर्ड) आलं की दोन्ही बाजूंची शेवटची तीन मिनिटं आधी ऐका, तीही साध्या गोल सुईवर. आणि पार्सल मे महिन्यात मागवू नका. सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत तासभर राहिलं तरी पीव्हीसी पापडासारखं वाकतं.