निखाऱ्यांना धूर नसला तरी धोका असतो

थंडीत म्हाताऱ्या माणसांना ऊब हवीच, हे शंभर टक्के मान्य. पण 'निखाऱ्यांचा धूर होत नाही, त्यामुळे आजीच्या खोलीत रात्रभर शेगडी ठेवायला हरकत नाही' असं जे सुचवलं जातं, ते कृपया कोणी करू नका. धूर दिसत नसला तरी धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतोच. त्याला ना रंग, ना वास. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच, झरोका बंद करून आंघोळ नको. अंगणात बसून शेगडीवर शेकावं, आणि झोपायच्या आधी ती बाहेरच राहू द्यावी.

आमच्याकडे निफाडला थंडी कडक पडते. सासूबाईंसाठी आम्ही झोपण्यापूर्वी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून गादी उबदार करतो आणि त्या आडव्या झाल्या की पिशवी काढून घेतो. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे, पायांना चटका जाणवत नाही. डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय, पिशवी पायाशी ठेवून झोपायचं नाही, सकाळी फोड दिसेपर्यंत पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा लोकरीचे मोजे, कानटोपी आणि एकावर एक दोन पातळ स्वेटर. ज्यांच्या घरी मधुमेहाचे ज्येष्ठ आहेत त्यांनी रोज रात्री त्यांचे तळवे स्वतः बघावेत.